हात मागे, डोळे पुढे: घरच्या घरी प्राण्यांचा अभ्यास

बागेतला एखादा दगड उलटला की खालच्या ओल्या मातीत एकदम धावपळ उडते. मुंग्या आपले पांढरे कोष तोंडात धरून पळतात, गांडूळ मातीत शिरतं, वाणी अंगाची गुंडाळी करून पडून राहतो. नेमका त्याच क्षणी मुलाचा हात पुढे जातो. दगडाखाली विंचू किंवा गोम असेल तर डंख बसतो. तसं काही नसलं तरी नुकसान होतंच, कारण मुंग्या कुठल्या दिशेला पळाल्या आणि गांडूळ आधी कुठल्या टोकानं आत शिरलं, हे पाहायचं राहून जातं.

म्हणून मी मुलांना सगळ्यात आधी एक साधा नियम शिकवते. जीव दिसला की हात पाठीमागे बांधायचे आणि मनात दहापर्यंत मोजायचं. त्या दहा अंकांत जे दिसेल ती पहिली नोंद. सुरक्षित राहण्याची सवय आणि नीट पाहण्याची सवय माझ्या मते एकच आहे, आणि पुढचं सगळं मार्गदर्शन याच नियमावर उभं आहे.

आधी जागा, मग जीव

घरात कुठलाही जीव आणण्याआधी त्याची जागा ठरवा. जेवणाचं टेबल आणि स्वयंपाकाचा ओटा यासाठी वापरायचा नाही. एखादा कोपरा, जुनी चौकी, तिच्यावर कागद अंथरलेला ट्रे, एवढं पुरतं. हात धुण्याची जागा जवळ हवी. दोन खोल्या ओलांडून जावं लागलं तर मूल वाटेत दाराच्या कड्यांना हात लावतं, तोंड पुसतं, आणि धुण्याला अर्थ राहत नाही.

सामान थोडंच लागतं: रुंद तोंडाच्या दोन-तीन पारदर्शक बरण्या, तोंडावर बांधायला मलमलचं कापड आणि रबर, एक मऊ रंगाचा ब्रश, पट्टी, भिंग, टॉर्च, वही. बरणी एकदा या कामाला लागली की पुन्हा स्वयंपाकघरात जात नाही. तिच्यावर ठळक खूण करा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणी नकळत धुऊन त्यात काही भरायला नको. जीव ठेवलेली बरणी उन्हात ठेवायची नाही. बंद काचेत काही मिनिटांतच आतली हवा तापते आणि जीव मरतो. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही आणि भिंग उघड्या उन्हात कागदावर सोडून जायचं नाही. हे मुलांना एकदा सांगून भागत नाही, दर वेळी सांगावं लागतं.

हात धुणं: का आणि कसं

प्राण्यांना हात लावल्यावर, त्यांचं खाणं-पाणी बदलल्यावर, बरणी साफ केल्यावर, माती उकरल्यावर साबणानं निदान 20 सेकंद हात चोळायचे. बोटांच्या मधे आणि नखांखालीही. अंगठे बहुतेकदा कोरडेच राहतात, तिकडे लक्ष द्या. हाताला माती किंवा विष्ठा लागलेली असेल तर सॅनिटायझर साबणाची जागा घेऊ शकत नाही.

मुलं विचारतात, “पण हे कासव तर आजारी दिसत नाही.” प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. कासवं, सरडे, साप, बेडूक, कोंबडीची पिल्लं यांच्या आतड्यांत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. प्राणी धडधाकट असतो, पण तेच जिवाणू माणसाच्या पोटात गेले तर जुलाब, ताप आणि लहानग्यांना गंभीर आजार होऊ शकतो. अमेरिकेत 1975 मध्ये सुमारे 10 सेंटिमीटरपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आली ती याच कारणामुळे. मुलं ती हाताळायची, तोंडाशी न्यायची आणि आजारी पडायची. पाच वर्षांखालच्या मुलांनी सरपटणारे प्राणी आणि बेडूक फक्त पाहावेत, हा नियम मी कुणासाठीही सैल करत नाही.

याच्या जोडीला आणखी काही सवयी लावा. काम चालू असताना खाणं-पिणं नाही, पेन्सिल चघळणं नाही, हात डोळ्यांना लावणं नाही. लांब केस बांधायचे. बाहेर जाताना पाय झाकणारे बूट घालायचे. दगड किंवा ओंडका उचलायचा तर पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढत उघडायचा, म्हणजे तो आपल्या आणि खालच्या जिवाच्या मधे आडोशासारखा राहतो. खाली जे असेल ते पलीकडच्या बाजूनं बाहेर पडतं. पाहून झालं की दगड हळूच पूर्वीसारखा ठेवायचा. ते कुणाचं तरी घर आहे.

ज्यांना हात लावायचा नाही

यादी लांबलचक केली तर मुलं विसरतात. मी ओळखण्याच्या खुणा सांगते. केसाळ सुरवंट लांबूनच पाहायचा. त्याचे बारीक केस कातडीत रुततात, खाज आणि पुरळ येतं, डोळ्यात गेले तर फार त्रास होतो. भडक रंगाचे, काळ्यावर लाल किंवा पिवळे पट्टे असलेले किडे हातावर घ्यायचे नाहीत. अशा रंगांतून अनेकदा ‘मी विषारी आहे’ असाच इशारा मिळत असतो. काही भुंगेऱ्यांच्या अंगातल्या द्रवानं कातडीला फोड येतात. वाणी चावत नाही, पण डिवचला तर काही जातींच्या अंगातून कातडीची आग करणारा द्रव निघतो. गांधीलमाशीचं आणि मधमाशीचं पोळं, विंचू, गोम, साप यांच्याबाबत वेगळं सांगायला नको.

गोगलगाय निरुपद्रवी वाटते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. मोठी आफ्रिकी गोगलगाय आज जगाच्या अनेक उष्ण भागांत पसरली आहे. तिच्यासकट अनेक गोगलगायींच्या शरीरात उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका कृमीची पिल्लं असू शकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. गोगलगाय काचेवर चालताना खालून पाहा. तिच्या पायाच्या स्नायूंच्या लाटा इतक्या सुंदर दिसतात की हातावर घेण्याची गरजच वाटत नाही. उचलायचीच असेल तर हातमोजे घालून, आणि नंतर हातही धुवायचे.

मेलेला पक्षी, जमिनीवर पडलेलं वटवाघूळ, अनोळखी कुत्रा-मांजर यांच्याजवळ मूल एकटं जाणार नाही, हे आधीच ठरलेलं असावं. आणखी एक गोष्ट. रानटी पक्षी, कासवं, खारी घरी आणून ठेवणं अनेक देशांत बेकायदा आहे. तुम्ही राहता तिथला वन्यजीव कायदा आधी वाचा.

पहिला आठवडा: मुंग्या आणि नोंदवही

सुरुवात मुंग्यांपासून करा. काही पकडावं लागत नाही, काही पाळावं लागत नाही. फक्त कडकडून चावणाऱ्या जातीच्या मुंग्या निवडू नका.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहायचं ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. “मुंगी थांबली, समोरच्या मुंगीच्या मिशांना मिशा लावल्या, मग मागे वळली” हे डावीकडे. “तिनं तिला रस्ता विचारला” हे उजवीकडे. मुलांना उजवी बाजू आवडते आणि ती लिहू द्यावी. प्रश्न तिथूनच उगवतात. पण दोन्ही एकात मिसळू द्यायचं नाही. पानाच्या सगळ्यात वर तारीख, वेळ, हवा कशी आहे आणि जागा.

दोन-तीन दिवस नुसतं पाहून झालं की प्रयोग करा. मुंग्यांच्या वाटेवर एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला साखरेच्या पाण्याचा थेंब. अर्ध्या-पाऊण तासात कागदावरून नीट रांग सुरू होते. आता थेंब उचला आणि कागद सावकाश काटकोनात फिरवा. कागदाच्या कडेशी मुंग्या गोंधळतात, मिशा हलवत फिरतात आणि त्यांतल्या कित्येक कागदावरच्या जुन्या रेषेनं, म्हणजे आता चुकीच्या दिशेनं, चालू लागतात. डोळ्यांना न दिसणारी वासाची रेघ कागदाबरोबर फिरली, हे मुलाला स्वतःच उमगलं तर तो दिवस मोठा समजायचा. उत्तर आधी सांगून टाकू नका.

गांडुळाचा प्रयोग, सावकाश

चार्ल्स डार्विननं गांडुळं कुंड्यांत भरून घरातच ठेवली होती. त्यांना ऐकू येतं का हे तपासायला त्यानं घरच्यांच्या मदतीनं शिट्टी वाजवली, बॅसून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवलं, पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म. मग त्याच कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवले, तेव्हा मात्र ती झटकन बिळात गेली. हवेतला आवाज त्यांना कळत नव्हता, कुंडीतून आलेलं कंपन कळत होतं. हे निष्कर्ष त्यानं 1881 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध केले. घरात बसून केलेलं हे काम आजही कुणी सहज करून पाहू शकतं, आणि म्हणूनच मला ते फार जवळचं वाटतं.

आपला प्रयोग याहून सोपा आहे. प्रश्न: गांडूळ ओली जागा निवडतं की कोरडी?

एक पसरट ट्रे घ्या. अर्ध्या भागात ओला टिपकागद, अर्ध्यात कोरडा. पाण्यात क्लोरीनचा वास येत असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. हात ओले करून, साबणाचा किंवा मलमाचा अंश नसताना, गांडूळ अलगद मधल्या रेषेवर आडवं ठेवा. ट्रे सावलीत हवा. 3 मिनिटांनी त्याचं शरीर जास्त कुठे आहे ते लिहा आणि त्याला परत ओल्या मातीत ठेवा. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. कातडी सुकली की ते गुदमरतं, त्यामुळे कोरड्या कागदावर अडकून पडलं तर वेळ संपायची वाट न पाहता उचलायचं.

आता खरं शिकणं सुरू होतं. एका गांडुळानं ओली बाजू निवडली म्हणून काही सिद्ध होत नाही, नाणं उडवलं तरी अर्ध्या वेळा तसं होतं. 5 वेगवेगळी गांडुळं घ्या, प्रत्येकाची दोनदा पाळी, दुसऱ्या पाळीला ट्रे उलट दिशेला फिरवून. खिडकीकडून उजेड येत असेल तर ते ओलाव्यामुळे वळलं की उजेडामुळे, हे ट्रे फिरवल्याशिवाय कळणार नाही. शेवटी एक फेरी दोन्ही बाजू ओल्या ठेवून करा. त्या फेरीतही सगळी एकाच बाजूला गेली तर मांडणीत काहीतरी वेगळंच चाललंय. दहापैकी नऊ आणि दहापैकी सहा यांत किती फरक आहे यावर मुलांशी बोला. या एका ट्रेमध्ये मोठमोठ्या प्रयोगशाळांचा पाया आहे.

रात्री कुंडीतली गांडुळं पाहायची असतील तर टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा. त्यांना डोळे नसतात, पण कातडीतल्या पेशींना उजेड कळतो. लाल उजेड मात्र फारसा कळत नाही.

अळीचा महिना

1660 मध्ये 13 वर्षांच्या मारिया सिबिला मेरियन या मुलीनं रेशमाच्या अळ्या पाळून त्यांच्या प्रत्येक अवस्थेची चित्रं काढायला सुरुवात केली. त्या काळी किडे चिखलातून आपोआप जन्मतात अशी समजूत होती. ती आयुष्यभर पाहत आणि रंगवत राहिली. घरातली ही पद्धत आपणही वापरू शकतो.

लिंबाच्या झाडावर मिळणारी फुलपाखराची अळी सुरुवातीला उत्तम. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, नंतर हिरवीगार होते. डिवचली तर डोक्यामागून दोन टोकांचा शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तो इशारा मानून तिला सोडा.

एकच अळी आणा, फार तर दोन. तीही पानासकट. फवारणी केलेल्या झाडाची पानं चालत नाहीत, अळी एका रात्रीत मरते. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसानं घट्ट बंद करा, कारण अळ्या खोडावरून खाली उतरून पाण्यात बुडतात. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि त्या दिवशीचा मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. ताजं पान रोज. तळाचा कागदही रोज बदलायचा, नाहीतर ओलाव्यानं बुरशी धरते. विष्ठेच्या गोळ्या फेकण्याआधी पट्टीनं मापा. अळी वाढते तशा त्या मोठ्या होतात आणि तिला हात न लावता वाढीचा आलेख मिळतो.

मधे कधी ती दिवसभर हलत नाही, खात नाही. ती आजारी नाही, कात टाकायच्या तयारीत आहे. अशा वेळी तिला पानावरून ओढलं तर इजा होते. पान बदलायचं असेल तर जुनं पान तिच्यासकट कापून नव्या डहाळीवर ठेवा. पाच टप्प्यांत ती वाढते, मग काडीला रेशमी धाग्याचा कमरपट्टा बांधून कोष करते. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख चुरगळलेले असतात. ते खाली लोंबत पसरायला मोकळी जागा आणि धरायला खरबरीत काडी हवी. लालसर थेंब पडतात ते रक्त नव्हे, कोषात साठलेला टाकाऊ द्रव असतो. दोन-तीन तास कुणीही बोट लावायचं नाही. मग जिथून अळी आणली तिथे बरणी उघडून थांबा.

घरातलं कुत्रं-मांजर

पाळीव प्राणी घरात असेल तर अभ्यासाला तो पुरेसा आहे. आधी दोन दिवस पाहून त्याच्या वागण्याची यादी करा: झोपणं, अंग चाटणं, हुंगणं, कान टवकारणं, चालणं, खाणं, इतर. मग 10 मिनिटं घड्याळ लावा आणि दर 30 सेकंदांनी त्या क्षणी तो काय करतोय तेवढीच एक खूण करा. 20 खुणा होतील. सकाळ, दुपार, रात्र असे आठवडाभर केलं की दिवसाचं वेळापत्रक आपोआप उभं राहतं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक जंगलात हीच पद्धत वापरतात. तो खात असताना, झोपला असताना किंवा पिल्लांजवळ असताना जवळ जायचं नाही, आणि त्याला उठून जाता येईल अशी वाट नेहमी मोकळी ठेवायची. कान मागे, शेपूट आत, अंग ताठ, नजर चुकवणं, गुरगुरणं: या खुणा यादीत घाला. मुलाला चावण्याआधीचा इशारा ओळखता येणं ही याच अभ्यासाची कमाई.

डबक्यातलं पाणी आणलं तर बरणीवर कापड घट्ट बांधा. डासांच्या अळ्या आठवड्या-दीड आठवड्यात डास होऊन उडतात. बेडकाची पिल्लं आणि पाणी दुसऱ्या तळ्यात ओतायचं नाही, कारण बेडकांच्या अनेक जाती संपवणारी एक बुरशी अशाच वाटांनी पसरते. रातकिड्यांना तर पकडायचीही गरज नाही. 1897 मध्ये एमॉस डॉल्बेअर या शास्त्रज्ञानं त्यांच्या किरकिरीचा वेग आणि हवेचं तापमान यांचं नातं मांडलं होतं. थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन ते गच्चीवर तपासता येतं.

फॉर्मलिन या द्रवात टिकवलेले प्राण्यांचे नमुने मात्र घरात नकोत. त्या द्रवातून निघणारा वायू विषारी आणि कर्करोगकारक आहे. शरीररचना पाहायची असेल तर स्वयंपाकासाठी आणलेल्या माशाचे कल्ले पाहा, किंवा हाड व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवून ते कसं वाकतं ते बघा. त्यातले कॅल्शियमचे क्षार निघून जातात आणि चिवट भाग उरतो. यातलं काही नंतर खायचं नाही.

काही झालंच तर

मधमाशीचा काटा नखानं लगेच खरवडून काढा, गार पाण्याची पट्टी ठेवा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, चक्कर आली तर एक मिनिटही न थांबता दवाखान्यात. सुरवंटाचे केस लागले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उचला, मग साबणानं धुवा.

कुत्रं, मांजर, माकड, वटवाघूळ, कुठल्याही सस्तन प्राण्यानं चावलं, ओरखडलं किंवा जखमेला चाटलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. हे मुलालाही माहीत हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, सांगितलं तर रागावणार नाहीत याची त्याला खात्री हवी. ओरखडा लपवणारं मूल ही या सगळ्या अभ्यासातली मला वाटणारी सगळ्यात मोठी भीती आहे.

अळी मेली तर

कधीतरी ती मरेल. मुलाला आडून काही सांगू नका आणि रातोरात दुसरी अळी आणून ठेवू नका. तारीख लिहा, शेवटचं काय खाल्लं ते लिहा, पानं कुठली होती ते लिहा, रडू आलं तर रडू द्या. आणि बरणी लगेच धुवायला घेऊ नका. मेलेल्या किंवा मरगळलेल्या अळीच्या अंगावर कधीकधी तांदळाच्या कणीएवढे पांढरे-पिवळसर कोष दिसतात. एका बारीक गांधीलमाशीनं तिच्या शरीरात अंडी घातलेली असतात, आणि त्यांतून निघालेली पिल्लं अळीला आतून खाऊन बाहेर येऊन कोष करतात. ते कोष ब्रशनं छोट्या बरणीत घ्या, कापड बांधा, वर तारीख टाका आणि वहीत नवं पान उघडा.